वेटोळ्यांतील वाचन

मानवी पेशीतील डीएनएचा सर्व धागा सरळ केला, तर तो सुमारे २ मीटर भरतो. आणि तो राहतो मात्र एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही सामान्यतः लहान असलेल्या केंद्रकात. एवढ्या दाटीतून पेशी हवे तेच जनुक कसे वाचते, या प्रश्नाचा इतिहास म्हणजे एका उपेक्षित प्रथिनाचा इतिहास होय.

आल्ब्रेख्त कोसेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये पक्ष्याच्या रक्तपेशींतून ते प्रथिन वेगळे केले व त्यास 'हिस्टोन' हे नाव दिले. पुढे १९५३ मध्ये डीएनएची रचना उलगडली आणि सर्वांचे लक्ष त्या धाग्याकडे गेले. हिस्टोन म्हणजे केवळ आवेष्टन, असाच समज बहुतेकांचा राहिला.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील व्हिन्सेंट ऑलफ्री व आल्फ्रेड मर्स्की यांनी १९६४ मध्ये या समजाला प्रथम धक्का दिला. हिस्टोनला ॲसिटिल हा लहानसा रासायनिक गट जोडला की आरएनए तयार होण्यातील त्याचा अडसर कमी होतो, असे त्यांना आढळले. हिस्टोनवर धनभार असतो, डीएनएवर ऋणभार. ॲसिटिलमुळे तो धनभार उणावतो व पकड सैल होते. मात्र हा बदल वाचनाचे कारण की परिणाम, असा आक्षेप निघाला. आक्षेप रास्त होता. पण त्याचे उत्तर मिळण्यास ३२ वर्षे लागली.

मधल्या काळात पाया रचला गेला. केंब्रिज येथे रॉजर कोर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडले की, आठ हिस्टोनांच्या गठ्ठ्याभोवती डीएनए गुंडाळलेला असतो. या मण्यास पुढे न्यूक्लिओसोम म्हणू लागले. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात मायकेल ग्रुनस्टाइन यांनी यीस्टमधील हिस्टोनची निर्मिती रोखली, तेव्हा मिटलेली जनुके आपोआप जागी झाली. मग १९९६ मध्ये डेव्हिड ॲलिस यांच्या प्रयोगशाळेने टेट्राहायमेना या एकपेशीय जीवातून ॲसिटिल जोडणारे विकर मिळविले. ते यीस्टमधील जीसीएन-५ या प्रथिनाशी जुळले. आणि जीसीएन-५ हे जनुके जागविणारे म्हणून आधीच परिचित होते! कारण-परिणामाचा वाद येथे निर्णायक वळणावर आला.

आपल्या घराण्यांतून मोडी कागदांचे रुमाल जपलेले असतात. एखादा कागद पाहावयाचा, तर त्याच रुमालाची गाठ सोडावयाची. बाकीचे रुमाल तसेच राहतात. पेशीही तेच करते. विशिष्ट प्रथिने नेमक्या जनुकापाशी ॲसिटिल जोडणारी विकरे आणतात. काही यंत्रणा ऊर्जा खर्चून मणी बाजूला सारतात. मग आरएनए पॉलिमरेज पुढे सरकते. १९९८ मध्ये सापडलेले 'फॅक्ट' हे प्रथिनसंकुल वाटेतील मणी सैल करते आणि मागे वेटोळे पुन्हा बसविण्यास साहाय्य करते. वाचन होते, आणि दप्तरही विस्कटत नाही.

या गाठी चुकीच्या जागी पडल्या वा सुटल्या, तर कर्करोगासारखे विकार उद्भवू शकतात. ॲसिटिल काढून टाकणाऱ्या विकरांना रोखणारे व्होरिनोस्टॅट हे औषध त्वचेच्या एका लिंफोमासाठी अमेरिकेत २००६ मध्ये मान्य झाले. ॲलिस व ग्रुनस्टाइन यांना २०१८ मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले. ऑलफ्री २००२ मध्येच निवर्तले होते. पुराव्याची वाट पाहणे हा शास्त्राचा धर्मच आहे, हे आम्ही जाणतो. तथापि या ज्ञानाचा वृत्तांत सांगताना आरंभ १९६४ पासून करावा, एवढे ऋण आपण सर्वांनी मानावयास हवे.