पटाची जोडी

धानाची मळणी आटोपली, तणसाचे ढीग रचून झाले, की भंडारा जिल्ह्यातल्या बांध्या मोकळ्या पडतात. साकोली, लाखनी, लाखांदूर या भागांत मग एकच चौकशी सुरू होते : यंदा पट कोणत्या गावी, आणि जोड्या कोणाकोणाच्या येणार? शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या मुलखात, हिवाळ्याच्या उत्तरार्धात तो भरतो. शेजारी शेजारी दोन धावपट्ट्या, प्रत्येकीवर एक जोडी, मागे हलका छकडा आणि त्यावर तोल सावरत उभा असलेला किंवा जेमतेम टेकलेला हाकणारा. शर्यत काही सेकंदांत संपते. तयारी मात्र पावसाळा सरल्यापासून चाललेली असते.

या भागात बैल आधी चिखलाचा, मग पटाचा. पावसाळ्यात गुडघाभर गाळात चिखलणी ओढायची, रोवणीसाठी बांध्या तयार करायच्या, पुढे धानाची वाहतूक करायची, आणि मग हंगाम संपल्यावर धावायचे. शेजारच्या गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतली कठाणी ही देशी गुरांची जात याच दलदलीच्या भातशेतीत मुरलेली आहे. वर्धा-नागपूरकडचा गौळाऊ बैल अंगाने सडपातळ आणि चालीला चपळ. मराठा फौजांच्या काळात डोंगराळ वाटांनी सामान झपाट्याने नेण्यासाठी त्याचा उपयोग होई, असे त्या जातीच्या वर्णनांत आढळते. वेगवान बैलाची पारख पूर्व विदर्भाला नवी नाही.

पण एका बैलाचा वेग पटात फारसा कामाचा नसतो.

जू दोघांच्या मानेवर असते. एक बैल अर्धा क्षण आधी उसळला तर छकडा वाकडा होतो, दुसरा ओढला जातो आणि दोघांचीही गती मोडते. म्हणून जाणता शेतकरी जोडी लावताना सर्वांत वेगवान बैल शोधत बसत नाही. तो उंची बघतो, वय बघतो, टाप टाकण्याची लांबी बघतो. उजवीकडे जुंपलेला बैल उजवीकडेच ठेवतो, कारण सवयीची बाजू बदलली की तो बावचळतो. घरच्या बैलाला जुळणारा साथीदार घरात नसेल तर दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याकडचा बैल आणून दोघांच्या नावाने जोडी धावते. अशा जोडीला एकमेकांच्या अंगवळणी पडायला वेळ द्यावा लागतो. ती एकत्र बांधायची, एकत्र पाण्यावर न्यायची, रिकाम्या गाडीला जुंपून फिरवायची आणि मगच पळवायची.

खुराकाचे शास्त्रही याच अनुभवातून आले. ढेप, सरकी, तुरीची चुनी हे मुख्य, आणि ज्याला परवडते तो दूध-अंडीही देतो. दम वाढवायला बैलांना तलावात पोहवतात. त्यात सांध्यांवर भार न येता छाती कसदार होते. भंडाऱ्यात तलावांची कमी नाही. गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने बांधत आणलेले आणि आज माजी मालगुजारी म्हणून ‘मामा तलाव’ या नावाने ओळखले जाणारे हे जलाशय धानाला पाणी देतात आणि पटाच्या जोडीला व्यायामशाळाही पुरवतात.

जोडी जुळवण्याचा हाच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकालाही आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात 2018 साली माणसांची एक नवी शर्यत सुरू झाली. हायरॉक्स तिचे नाव. ती भरते मोठ्या सभागृहात, छताखाली. 1 किलोमीटर धावायचे, मग एक कष्टाचा व्यायाम करायचा, असे 8 वेळा. वजनदार स्लेज ढकलणे, ती दोराने ओढणे, वल्हवण्याचे यंत्र, वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन लंजेस, म्हणजे गुडघा टेकवत लांब पावले टाकणे, शेवटी भिंतीवर चेंडू मारणे. मे 2025 मध्ये ती मुंबईतही झाली. तिच्या ‘डबल्स’ प्रकारात नियम असा : व्यायाम दोघांनी हवे तसे वाटून घ्यावेत, पण 8 किलोमीटर मात्र दोघांनी सोबत धावायचे. धावणे वाटून घेता येत नाही.

इथे पटाचा जाणकार लगेच ओळखेल की प्रश्न त्याच्या ओळखीचा आहे. डबल्समध्ये वेळ सुधारायची तर जलद जोडीदाराने आणखी जलद होऊन लाभ नाही. धावण्याचा वेग मंद जोडीदाराच्या दमावर ठरतो. त्यामुळे जलद धावणाऱ्याने सोबत्याच्या गतीत राहायचे आणि आपली उरलेली ताकद स्लेजवर खर्च करायची. चेंडूचे 100 फेके एकाने थकेपर्यंत मारून मग दुसऱ्याकडे देण्यापेक्षा लहान लहान पाळ्या घेतल्या तर दोघांचेही हातपाय ताजे राहतात. बैलांना एवढीही सोय नाही. जू एकदा चढले की कष्ट वाटून घेता येत नाहीत, त्यामुळे सगळी वाटणी आधीच, जोडी निवडताना करावी लागते. पटाची विद्या त्यामुळेच अधिक अवघड आहे.

या विद्येला एक काळी बाजूही होती, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. जोडी जुळलेली नसली की हाकणारा तुतारीची, म्हणजे टोचणीच्या काठीची, अणी टोचून, शेपटी पिरगाळून ती उणीव भरून काढी. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टूसोबत बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, तरी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

मधल्या वर्षांत पुष्कळ मोडले. पटाच्या गावात पाहुणे येत, दुकाने लागत, मुलामुलींच्या सोयरिकी जुळत, आणि रात्री मंडपात झाडीपट्टीचे नाटक पहाटेपर्यंत चाले. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंतचा, आणि त्यांच्या कित्येक तारखा पट आणि मंडईच्या जत्रांच्याच असत. शर्यत थांबली तशी पटाची जोडी पोसणे महाग शौक ठरले. ट्रॅक्टरने चिखलणीचे बरेच काम आधीच हिरावले होते. खुराकाचा खर्च काढायला आता बक्षीसही नव्हते.

परवानगीसोबत आलेल्या नियमांनी धावपट्टी 1000 मीटरपेक्षा लांब नसावी असे ठरवले, पशुवैद्यकाकडून बैलांची तपासणी सक्तीची केली, काठी, चाबूक आणि टोचणारी साधने वर्ज्य केली. काही जुन्या शौकिनांना हे जाचक वाटते. पण तुतारी गेली म्हणजे जोडीची निवड, पोहणे, खुराक, विश्रांती यांचे मोल वाढले. मारून मिळणारा वेग बाद झाला की उरतो तो जुळवून मिळणारा, आणि पटातले खरे कसब तिथेच होते. नियम पाळला जातो का हे प्रत्येक पटात डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल. कागदावरच्या अटीने बैलाची पाठ वाचत नाही.

बंदी उठल्यावर गोठ्यांत पुन्हा गोऱ्हे बांधले जाऊ लागले. आज जुंपलेला गोऱ्हा उद्या पटात उतरत नाही. त्याला आधी जू सोसायला शिकावे लागते, मग बाजू, मग सोबती. ज्यांनी हे हाताने केले ते शेतकरी आता वयस्क आहेत. त्यांच्या अंगणात संध्याकाळी रिकामा छकडा बाहेर निघतो, नातू कासरा धरतो आणि म्हातारा चाल पाहत मागून सांगतो की उजवा पुढे जातोय, त्याला आवर, डाव्याला येऊ दे.