वाऱ्यातील गोल्फ आणि चौदा क्लबांची मर्यादा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

स्कॉटलंडच्या समुद्रकाठचा गोल्फ हा खेळ ब्रिटिशांनी कोलकात्यात १८२९ मध्ये व मुंबईत १८४२ मध्ये संस्थारूपाने रुजविला. किनाऱ्यावरील जोरदार वारा हा त्यातील जुना प्रतिस्पर्धी होय. समोरून वारा असता जोरकस फटक्याने चेंडूची उलटी फिरकी वाढते, तो उंच उडतो व अपुरा पडतो. म्हणून कमी कलाच्या क्लबने संथ, बुटका फटका मारणे श्रेयस्कर ठरते. १९३० च्या दशकात काही खेळाडू वीसहून अधिक क्लब बाळगीत. प्रत्येक अंतराला स्वतंत्र साधन उपलब्ध असे. अमेरिकेत १९३८ पासून व सेंट अँड्र्यूजच्या नियमांनुसार १९३९ पासून १४ क्लबांची मर्यादा आली. परिणामी एकाच क्लबने निरनिराळे फटके खेळण्याचे जुने कौशल्य पुन्हा आवश्यक ठरले. सारांश, या नियमाने वाऱ्यावरील उपाय साधनसंख्येऐवजी खेळाडूच्या विवेकावर सोपविला, असे म्हणता येईल.