तांबडा दिवा आणि सावध चालक

आगगाडी चालविणारानें नशेच्या अमलाखालीं कामावर येऊं नये, ही शिस्त कांहीं आजची नव्हे. अमेरिकेंतील रेल्वेच्या नियमावलींत ती ‘नियम जी’ या नांवानें फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. नियम मोडणारास बडतर्फी ठरलेली असे. परंतु या कठोरतेंतच नियमाचें वैगुण्य होतें. सोबत्याचें व्यसन वरिष्ठांच्या कानीं घालणें म्हणजे त्याच्या मुलाबाळांच्या तोंडचा घास काढणें. म्हणून सहकारी मौन पाळीत, आणि झांकलेलें व्यसन इंजिनावर चढे.

ता. ४ जानेवारी १९८७ रोजीं मेरिलंड राज्यांत, बाल्टिमोरनजीक चेस येथें, वॉशिंग्टनहून बोस्टनला निघालेली उतारूंची गाडी तासीं शंभर मैलांहून अधिक वेगानें येत होती. इतक्यांत एका मालवाहतूक कंपनीचीं तीन इंजिनें थांबण्याचा सिग्नल ओलांडून तिच्या वाटेंत आलीं. टकरींत १६ माणसें प्राणांस मुकलीं. इंजिनावरील दोघांनींहि गांजा ओढला होता, असें तपासांत निष्पन्न झालें. शिवाय धोक्याची सूचना देणाऱ्या शिट्टीचें तोंड चिकटपट्टीनें बांधलेलें आढळलें.

अपघातानंतर कामगारांचें रक्त व लघवी तपासण्याचा सरकारी नियम तत्पूर्वींच झाला होता. संशयाचें कारण नसतां अशी झडती घेणें राज्यघटनेविरुद्ध आहे, असा कामगारसंघांचा आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालीं सार्वजनिक सुरक्षिततेचें पारडें जड ठरविलें. ऑगस्ट १९९१ मध्यें न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेंत मद्यधुंद चालकाची गाडी रुळांवरून घसरून पांच जण दगावले. त्याच वर्षीं झालेल्या कायद्यानें आगगाडी, विमान, मालमोटार व शहरांतील वाहतूक या सर्वांवर तपासणी लागू केली. नोकरींत घेण्यापूर्वीं, अपघातानंतर, आणि मधूनमधून पूर्वसूचना न देतांहि. त्याच कायद्यानें व्यसनी कामगारास उपचाराची संधि देण्याचीहि तरतूद केली.

ही संधि देण्याची कल्पना मात्र खुद्द रेल्वे कामगारांत आधींच रुजली होती. १९८० नंतरच्या दशकांत कामगारसंघ व कंपन्या यांनीं मिळून ‘रेड ब्लॉक’, म्हणजे तांबडा सिग्नल, या नांवाची चळवळ उभारली. तींतील स्वयंसेवक हे कामगारच. सोबती शुद्धींत नाहीं असें दिसतांच ते त्यास कामावर चढूं न देतां घरीं धाडीत व पुढें उपचाराची वाट दाखवीत. त्याची नोकरी वांचे, आणि उतारूंचे प्राणहि.

तपासणीच्या भयानें पुष्कळ जण सावध राहतात, हें खरें. परंतु गाडी सुटण्याच्या क्षणीं तपासनीस जवळ असेलच असें नाहीं. सोबती मात्र असतो. त्याच्या मौनाचें कारण दूर केल्यावांचून नियम पुरा होत नाहीं.