लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर

जुहूचें विमानतळ १९२८ सालचें. पण त्यापूर्वीं दहा वर्षें मुंबईच्या एका तरुणानें लढाऊ विमानांत प्राण वेंचिला, हें फारसें कोणाच्या स्मरणांत नाहीं. वेलिणकर हे ब्रिटिश वायुदलाच्या २३ व्या पथकांत 'डॉल्फिन' हें एकासनी विमान चालवीत. जखमी होऊन ते ३० जून १९१८ रोजीं वारले. फ्रान्समध्यें हँगार येथें त्यांचें थडगें आहे. फ्रान्सचा सायकलवीर ऑक्ताव्ह लापीझ हाही वैमानिक होऊन १४ जुलै १९१७ रोजीं पडला; परंतु १९१० च्या फ्रान्स-प्रदक्षिणेच्या शर्यतींतील विजयानें त्याचें नांव राखिलें. वेलिणकरांस असा आधार नव्हता. इंद्रलाल रॉय यांचें नांव राहिलें, तें आमच्या मतें बरेंचसें पदकामुळें. ते वेलिणकरांमागून बावीस दिवसांनीं पडले.