मंगरुळावरून गेलेली मोहीम

इसवी सन २०१७च्या जानेवारीत सोनी वाहिनीवर 'पेशवा बाजीराव' ही हिंदी मालिका सुरू झाली, तेव्हा ती लोकांच्या मनाची पकड घेईल असे मानण्यास आधार होता, कारण ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'वरून निघालेल्या 'बाजीराव मस्तानी' या चित्रपटाने थोड्याच काळापूर्वी थोरल्या बाजीरावांचे नाव देशभर पोहोचविले होते. तरीही ऑगस्ट उजाडताच, प्रेक्षकवर्ग न जमल्यामुळे, तिचा पडदा पडला. माझ्या मते या अपयशाचे मूळ कथेच्या मांडणीत होते. निम्म्याहून अधिक आयुष्य तिने नायकाच्या बाल्यात आणि वाड्यांतील कारस्थानांत वेचले. ज्या पुरुषाची पेशवाईची वीस वर्षे बहुतांशी घोड्याच्या पाठीवर गेली, त्याला स्वारीवर निघण्यास पुरेसा अवकाशच उरला नाही. रोज एक भाग द्यावयाचा म्हटले की दिवाणखान्यातील संवाद स्वस्त पडतात आणि घोडदळ महाग, ही निर्मात्यांची अडचण मी मान्य करतो. परंतु बाजीरावांच्या चरित्राचा प्राणच त्या घोडदळात आहे.

आम्हा मंगरूळपीरकरांना ही उणीव विशेष जाणवते. हयात कलंदरांच्या दर्ग्यामुळे आणि बिरबलनाथ महाराजांच्या संस्थानामुळे पंचक्रोशीत ओळखले जाणारे हे गाव बाजीरावांच्या सर्वांत विलक्षण मोहिमेच्या वाटेवर होते. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत मोगल सुभेदार मुबारिजखानाचा पाडाव करून निजामुल्मुल्क दक्षिणेत जवळजवळ स्वतंत्र झाला. त्या लढाईत बाजीराव त्याच्याच बाजूने होते, हे स्मरणात ठेवण्यासारखे आहे. पुढे छत्रपती शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी यांच्यातील वादाचे निमित्त करून निजामाने चौथ-सरदेशमुखीची वसुली रोखली, आणि युद्ध अटळ झाले.

नोव्हेंबर १७२७मध्ये जालन्याजवळ निजामाचा सरदार ऐवजखान याच्याशी चकमक झाल्यावर बाजीराव जे पूर्वेकडे वळले ते माहूर, मंगरूळ, वाशीम असा मुलूख तुडवीत. तेथून एकाएकी वायव्येस फिरून, खानदेशातून कुकरमुंड्याजवळ तापी उतरून, ते गुजरातेत शिरले. वऱ्हाडात त्या दिवसांत ज्वारी कणसात असते. अवजड तोफखाना आणि बुणगे यांचा भार सोबत नसलेले हे सैन्य ज्या मुलखातून जाई त्याच्यावरच आपली गुजराण करी. तेव्हा त्या स्वारीच्या ज्या वेगाला आपण गौरवाने वाखाणतो, त्याची किंमत परगण्यांच्या पाटील-कुळकर्ण्यांनी आणि कुणब्यांनी आपल्या कणग्यांतून भरली असली पाहिजे. इकडे निजाम पुण्यावर चालून गेला आणि तेथे संभाजींना छत्रपती म्हणून पुढे केले; परंतु बाजीरावांनी बुऱ्हाणपुरास धाक घातल्याचे कळताच त्याला पुणे सोडावे लागले, तोफा मागे टाकाव्या लागल्या, आणि फेब्रुवारी १७२८च्या अखेरीस पालखेडनजीक अन्नपाण्यावाचून कोंडला जाऊन त्याने ६ मार्चला मुंगी-शेवगाव येथे तह केला. फील्ड मार्शल माँटगोमेरीसारख्या सेनानीने युद्धेतिहास लिहिताना याच मोहिमेची मुक्तकंठाने प्रशंसा केली.

ही मोहीम मालिकेत दाखविण्यासाठी साधने नव्हती असेही नाही. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३०नंतरच्या काही वर्षांतच सिद्ध केले होते.

मुंगी-शेवगावच्या तहाने चौथ-सरदेशमुखीचा हक्क मान्य झाला आणि मराठ्यांचे कमाविसदार पुन्हा आपल्या ठाण्यांवर रुजू झाले. येथून वऱ्हाडात दुअमलाचा दीर्घ काळ पसरला: अंमल निजामाचा, पण वसुलीत वाटा मराठ्यांचा, पुढे नागपूरकर भोसल्यांचा. १८०३च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख सोडून देईपर्यंत येथील रयत एकाच पिकावर दोन सरकारांचे देणे फेडीत होती. बाजीरावांची मालिका पुढे चालती, तर वाड्यांबाहेर पडून तिने या रयतेपर्यंत यावे, अशी माझी मनापासून इच्छा होती.