लेकराचा इलाज अर्ध्यावर सोडू नका

जेऊरच्या बचत गटातून आम्ही बोलतोय. आज थोडा इतिहास सांगणार आहोत. तो आम्हाला मुद्दाम शिकावा लागला, कारण आमच्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली.

गेल्या साली गटातल्या एका ताईनं मुलासाठी कर्ज मागितलं. सात वर्षांचं पोर. ताप हटेना, चेहरा पांढराफटक, मार न लागता पायावर काळेनिळे डाग. दोन महिने अशक्तपणाची औषधं झाली, मग रक्ताचा कॅन्सर निघाला. म्हशीसाठी आम्ही पटकन कर्ज मंजूर करतो. त्या दिवशी बैठकीत सगळ्या गप्प. एकजण हळूच बोलली, "पोरही हाती लागायचं नाही अन् पैसाही बुडेल." कर्ज दिलं, पण मनातून आम्हा सगळ्यांना तसंच वाटत होतं.

आपल्या आज्यांच्या काळात ते खरंही होतं. बालविवाहाविरुद्धच्या १९२९ च्या कायद्यासाठी झटलेल्या लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरनंच गेल्या. घरात पैशाला तोटा नव्हता. जगात औषधच नव्हतं. त्यांचे पती दोराबजींनी १९३२ साली या रोगाच्या संशोधनासाठी ट्रस्ट काढला आणि त्याच वर्षी तेही वारले. पुढं टाटांच्या ट्रस्टनं १९४१ साली मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं.

औषध सापडलं अमेरिकेत, पण त्यात आपल्या माणसाचा हात होता. आंध्रातून तिकडं गेलेले शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ते १६ मुलांना दिलं, त्यातली १० सुधारली. हे १९४८ साली छापून आलं. सुधारणा काही महिनेच टिकली. मात्र त्यातून डॉक्टरांना वाट सापडली. एकाच औषधानं भागत नाही, अनेक औषधं मिळून दीर्घकाळ द्यावी लागतात, हे पुढं कळलं.

आपल्याकडं डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली टाटामध्ये देशातलं पहिलं बोनमॅरो प्रत्यारोपण केलं, तेही नऊ वर्षांच्या मुलीवर. लहानपणी पोलिओ झालेला हा डॉक्टर व्हीलचेअरवरून पेशंट तपासतो. त्याच सुमारास, आपल्या परिस्थितीला झेपेल अशी औषधांची ठरीव पद्धत सुरू झाली. आधी या कॅन्सरची पाचातली चार मुलं दगावत. पुढं निम्म्याच्या आसपास वाचू लागली.

मग बाकीची का जात होती? काहींना औषध लागू पडलं नाही. पण कितीतरी मुलांचा इलाजच अर्ध्यावर सुटला. परळच्या फुटपाथवर राहून किती दिवस काढणार? या औषधांनी अंगातली प्रतिकारशक्ती कमी होते. अशा वेळी घाण पाण्यातून झालेली साधी हगवणही जिवावर बेतते. म्हणून स्वच्छ खोली, उकळलेलं पाणी, ताजं अन्न हाही इलाजच. हे ओळखून २००६ साली मुंबईत सेंट ज्यूड संस्थेनं अशा कुटुंबांसाठी मोफत निवारा सुरू केला. बऱ्या झालेल्या मुलांची वाढ, शाळा, मन यांकडं पाहणारा दवाखाना टाटामध्ये १९९१ पासून आहे. मूल नुसतं जगून भागत नाही, ते शाळेत गेलं पाहिजे, हसलं पाहिजे.

आपला जिल्हाही यात मागं नाही. देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन रोगाची लक्षणं सांगत आणि लोकांना तपासणीला धाडत. २०१२ साली मोफत उपचारांची राज्य योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत आली, त्यात सोलापूर होता. तीच आज महात्मा फुले जन आरोग्य योजना. रेल्वेतही उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपरचं भाडं माफ आहे आणि सोबत्याला ७५ टक्के सूट. त्यासाठी हॉस्पिटलचा दाखला लागतो.

आता आमची चूक ऐका. महिन्याभरात पोराचं रक्त साफ आलं. गल्लीत पळायला लागलं. वडील म्हणाले, "बरं झालं की! आता ऊसतोडीला जाऊ." आम्हीही मान डोलावली. ताई एकटीच नको म्हणत होती. तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं, की दिसेनासा झालेला रोग अंगात दडलेला असतो, औषध दोन-अडीच वर्षं चालतं, आणि मध्येच सोडलं तर तो उलटून येतो व मग आवरत नाही. तिनं ते बैठकीत सांगितलं, तेव्हा आमचे डोळे उघडले.

मग गटानं हप्ता पुढं ढकलला. तिच्या धाकटीला दोघींनी सांभाळलं. तारखेच्या दिवशी एकजण तिच्यासोबत जेऊर स्टेशनवरून गाडीत बसते. पोराचं औषध अजून चालू आहे. केस परत आलेत, आणि जूनपासून ते शाळेत जातंय. हा रोग शिवल्यानं लागत नाही, हे गुरुजींनी वर्गात सांगितलं.

मैत्रिणींनो, लांबलेला ताप, पांढरा पडलेला चेहरा, विनाकारण डाग, वाढती गाठ, डोळ्यातली पांढरी चमक, सकाळी डोकं दुखून उलटी, यातलं काही दिसलं तर आठवडे घालवू नका, तपासून घ्या. आणि गटातल्या कुणावर ही वेळ आली, तर कर्जासोबत पुढच्या दोन-अडीच वर्षांची सोबतही मंजूर करा.