पावसाळी छावणींतील विस्तव

आषाढांत मांडवीच्या किनाऱ्यावर उभें राहिलें म्हणजे रत्नागिरीचा समुद्र काळवंडलेला दिसतो. होड्या वाळूवर ओढून घेतलेल्या असतात, आणि एखाद्या होडीच्या आडोशाला, ताडपत्रीखालीं, कोणीतरी चहापुरता विस्तव केलेला असतो. वर्षास 3,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या गांवीं विस्तव जागता ठेवणें हेंच कसब, असें कोणीही म्हणेल. परंतु अशा भिजणाऱ्या मुलुखांत आगीचें भय बाळगावें, हें पुष्कळांस विपरीत वाटतें. आम्हांसही तें वाटत असे. याच जिल्ह्यांतील एका जुन्या पत्रानें आमचा तो समज दूर केला.

तें पत्र शिवछत्रपतींच्या आमदानींतील होय. राज्याभिषेकाच्या, म्हणजे 1674 च्या, सुमारास मराठ्यांचें घोडदळ चिपळुणाजवळ पावसाळी छावणीस होतें. तेथील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस उद्देशून तें लिहिलें आहे. दाणावैरण आरंभींच उधळाल, तर ऐन पावसांत घोडीं उपाशीं मरतील; मग शिपाई रयतेस लुबाडूं लागतील आणि रयतेस तुमच्यापेक्षां मोगल बरे वाटतील, हा त्यांतील उपदेश सर्वपरिचित आहे. पुढील मजकुराकडे मात्र वाचकांचें लक्ष सहसा जात नाहीं.

तेथें विषय विस्तवाचा आहे. कोणी आगट्या करील, कोणी भलत्या जागीं चूल मांडील, कोणी चिलमीसाठीं निखारा नेईल. शेजारीं गवत पडलें आहे, वारा सुटला आहे, याचें भान राहणार नाहीं. एका खणास आग लागली कीं सारे खण जातील. रात्रीं दिवा जळत राहिला तर एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल, इतकी बारीक शंकाही त्यांत घेतली आहे. आणि एकदां जळलें म्हणजे कोणास कितीही कठोर शासन केलें तरी नवा खण उभारावयास लांकूड मिळणार नाहीं, असें बजाविलें आहे.

या सावधगिरीचें मर्म उघड आहे. बाहेर ओलें झालें म्हणजे मुलुखांतील सारें कोरडें छपराखालीं येतें: गवत, दाणा, सरपण, आणि माणसेंही. त्यांतच चूल पेटते. बाहेरचा पाऊस आंतली आग विझवीत नाहीं.

‘ताडपत्री’ हा शब्द ऐकतांना ताडाच्या पानांचा भास होतो. वस्तुतः तो इंग्रजी ‘टारपॉलिन’चा मराठी अवतार. आजची ताडपत्री बहुधा पॉलिथिनची असते. ती सुमारें 120 अंश सेल्सिअसला वितळूं लागते. म्हणून विस्तव लहान असावा, वाऱ्याच्या पाठीकडील कडेस असावा, आणि छप्पर उतरतें व पुरुषभर उंचीहून बरेंच वर बांधावें. ओल्या लांकडाचा धूर डोळ्यांस झोंबतो, तेव्हां माणूस सावध तरी होतो. परंतु कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. पावसाच्या झडीस भिऊन चोहों बाजू बंद करणारा निजलेला माणूस त्यामुळें उठतच नाहीं. निदान दोन बाजू मोकळ्या असाव्या, पाण्याची घागर हाताशीं असावी, आणि निजण्यापूर्वीं निखारे भिजवून राख गार झाली कीं नाहीं तें पाहावें.

राज्याभिषेकाच्या धामधुमीच्या त्या काळांत उंदराच्या तोंडांतील वातीचा विचार व्हावा, याचें आम्हांस नवल वाटे. आतां वाटतें, घोडीं आणि कुणबी दोघेही त्या पावसाळ्यांतून सुखरूप निघावे, ही कळकळ त्यामागें होती.